आखणीच्या दिवसांतली खाट

मित्रांनो, शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीवर निबंध लिहिलात, मोडक्या खुर्चीवर लिहिलात. खाटेवर लिहा असं कुणी सांगितलं नाही. बाईंनाच लाज वाटली असेल! आता तुम्ही मोठे झालात. काहींची लग्नं झाली, काहींची ठरताहेत. म्हणून आज मीच तोंड उघडते. मी सागवानाची खाट, वयाने जुनी, स्वभावाने काळजीखोर. अंगावर कुणी बसलं तरी मला धास्ती, आणि कुणी बसलंच नाही तर त्याहून जास्त.

माझा जन्म रोह्याचा, नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या एका सुताराच्या दुकानात. रोह्यापर्यंत रेल्वे आली, त्याच्या पुढच्याच वर्षी गुणाजी म्हणून एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलीचं नाव पुतळी. तिच्या आंदणासाठी मी घडले. सुताराने रंधा मारून मारून माझं अंग असं गुळगुळीत केलं की मलाच लाजल्यासारखं झालं. पुतळी बापाबरोबर मला बघायला आली. माझ्या कडेवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, हाय बरी." आणि गालातल्या गालात हसली. तेव्हापासून तिची काळजी माझ्यामागे लागली ती कायमची.

टेम्पोत बसून मी पेणजवळ हमरापूरला आले. घर गणपतीच्या कारखान्याचं. पुढे माजघर, मागे लांबच लांब पत्र्याची शेड, तिथे ओळीने मूर्ती. पुतळीचा नवरा कमळाकर हा आखणीवाला, म्हणजे गणपतीचे डोळे काढणारा. हे काम सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत मोठं. मूर्ती कुणीही रंगवेल, पण डोळे बिघडले की देव बिघडला! कमळाकरचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. माणूसही सज्जन. कधी चढा आवाज नाही, कधी दारू नाही.

लग्नानंतरचे हिवाळ्याचे महिने मी पाहिले. काय काय पाहिलं ते मी सांगायची नाही, तेवढी अब्रू मला आहे. एवढंच सांगते की कमळाकर माझ्याकडे यायचा तो कामावर हजेरी लावायला यावं तसा, आणि लवकरात लवकर कूस बदलायचा. पुतळी मात्र दिवसाउजेडी चादर घालताना गाणं गुणगुणायची, केसांत अबोली माळायची, पडवीत पाय वाजला की तिचे डोळे दाराकडे जायचे. तरुण बाई ती. आपल्याच नवऱ्याची वाट बघत होती. यात वाईट ते काय?

मग चैत्र लागला आणि एका सकाळी कमळाकर आणि त्याचा मोठा भाऊ दिनानाथ यांनी मला उचललं आणि शेडमध्ये नेऊन ठेवलं. माझ्यावर फळी टाकली, फळीवर गणपती वाळत घातले. मी तर घाबरूनच गेले. पुतळीही दारात येऊन उभी राहिली.

"आता आखणी सुरू होणार गो," सासू धोंडुबाई तिला म्हणाली. "आपल्या घरात पाळतात. डोळे काढणारा बायकोच्या अंथरुणाला शिवत नाय. शेवटचा गणपती गाडीत चढला की मग घरात येल."

रीत जुनी होती. पण सासऱ्यांच्या काळात आखणी महिनाभराची असायची. आता मुंबईहून मागणी वाढली, मूर्ती बारा महिने होऊ लागल्या. तरी मनात आणलं असतं तर कमळाकरला मधले कितीतरी महिने मोकळे मिळाले असते. त्याने मनात आणलं नाही. पहिल्या वर्षी चैत्रात सुरुवात केली, दुसऱ्या वर्षी माघातच. तिसऱ्या वर्षी तर दिवाळीचे फराळ संपायच्या आत तो आपली चटई घेऊन शेडमध्ये आला. मी मूर्ती वागवत उभी, तो चटईवर, आणि पुतळी आत माजघरात जमिनीवर. मला सारखं वाटायचं, हे ठीक चाललेलं नाही, कुणीतरी काहीतरी बोला रे!

लोक बोलत होते, पण भलतंच. "कमळाकर म्हणजे साधू माणूस!" नवे रंगारी कामाला लागताना त्याच्या पायाला हात लावायचे. मूल होत नव्हतं म्हणून धोंडुबाई पुतळीला नवससायास करायला लावायची, कडू काढे पाजायची. आता तुम्हीच सांगा, काढ्याने कुठे पोर होतं? आणि दिनानाथ? तो संध्याकाळी भांग पाडून पेणला जायचा, तिथे कुणा बाईकडे त्याचं येणंजाणं होतं. सगळ्या गावाला ठाऊक. त्याची बायको ठमाबाई माझ्या शेजारी बसून साच्यातल्या मूर्ती घासायची, खाली मान घालून. गावातले बाप्ये दिनानाथच्या पाठीवर थाप मारायचे, "काय रसिक माणूस हाय!" त्याला पाहिजे म्हणजे तो रसिक, भावाला नको म्हणजे तो साधू. पुतळीने एकदा गजरा माळून शेडमध्ये पाऊल टाकलं तर बायका कुजबुजल्या, "हिला धीर निघत नाय."

एका दुपारी पुतळी चहा घेऊन आली. शेडमध्ये कमळाकर एकटाच, हातात बारीक ब्रश. ती माझ्या कडेला टेकली. किती दिवसांनी टेकली! 

"अवो, आज घरात या," ती म्हणाली.

"आखणी चालू हाय, पुतळे."

"आखणी बारा महिने चालू हाय. तुम्ही मला टाळता. मी तुमच्यावर रागावली नाय, पण मला वाटतं तुम्ही जवळ यावं. मला पाहिजे."

कमळाकरचा चेहरा असा उतरला की मलाच त्याची कीव आली. "बाईनं असं बोलू नये गो," तो पुटपुटला.

"मग कुणी बोलायचं? तुम्ही तर बोलत नाय."

तो पुन्हा मूर्तीकडे वळला. ती रिकामा कप उचलून गेली. पण दारामागे धोंडुबाई उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. 

आणि नेमकं त्याच आठवड्यात आक्रीत घडलं. पनवेलचा व्यापारी माल बघायला आला आणि एका मूर्तीसमोर थबकला. "अहो, ह्या गणपतीची नजर दोन दिशांना जाते!" दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. अख्खी ओळ तिरळी! व्यापारी माल न घेता गेला. कमळाकर मूर्ती डोळ्यांजवळ धरायचा, लांब धरायचा, घाम पुसायचा.

धोंडुबाईने कपाळावर हात मारून घेतला. "पाळलं गेलं नाय! ह्या बाईनं पाळू दिलं नाय. भर आखणीत नवऱ्याला अंथरुणात बोलावते ही. माझ्या पोराचा हात हिनं बाटवला!"

झालं. गावभर झालं. पुतळीला कायमची माहेरी ठेवून यायचं असं ठरत आलं. नुसतं ठेवून नाही हो, देवाचे डोळे बिघडवणारी बाई म्हणून ठेवून यायचं! तसा डाग घेऊन ती रोह्यात तोंड कसं दाखवणार होती? गुणाजींना निरोप गेला, भावकीतले वडीलधारे हैबतराव यांना बोलावलं. शेडमध्येच बैठक. आणि हैबतरावांना बसवायला माझ्यावरच्या मूर्ती उतरवल्या. म्हणजे ज्या पोरीबरोबर मी आंदण म्हणून आले, तिचा न्याय करायला माणूस माझ्याच पाठीवर! एकदा वाटलं, मोडून पडावं. पण सागवान मेलं, मोडतंय कुठे?

दिनानाथ पान चघळत न्याय करणाऱ्यांत बसला होता. गुणाजी दाराशी, टोपी हातात घेऊन. कमळाकर कोपऱ्यात, मान खाली.

हैबतराव खाकरले. "पोरी, खरं सांग. आखणीच्या दिवसांत तू नवऱ्याला बोलावलंस?"

"नाही" म्हण गो, नाही म्हण! मी मनातल्या मनात ओरडत होते. नाही म्हटलं असतं तर कमळाकरही तेच म्हणाला असता आणि सुटली असती. सासूचं ऐकणं एकटीचं, ते काय धरून बसणार?

पुतळीने पदर सावरला. "व्हय, बोलावलं. माझा नवरा हाय, मला तो पाहिजे होता म्हणून बोलावलं. पण तो आला नाय. ह्या दिवसांत आला नाय, दिवाळीपासून आला नाय. मग हात कुणी बाटवला?"

 दिनानाथ फिस्सकन हसला. त्या हसण्याने सगळे कमळाकरकडे बघू लागले, आणि मित्रांनो, तेव्हा मला कळलं की तो एवढी वर्षं कशाला भीत होता. बाईला पाहिजे असलं तर ती निर्लज्ज. पण बाप्याला नको असलं तर तो बाप्याच नाही! ह्या हसण्याच्या भीतीने तो आखणीच्या आड जाऊन बसला होता.

कमळाकर उठला.  "ती खरं बोलते," तो म्हणाला. "मीच आखणी लांबवतो. मला तसं... वाटत नाय. लग्नाच्या आधीपण नव्हतं वाटत. लोक साधू म्हणायचे, बरं वाटायचं. आणि डोळ्यांचं म्हणाल तर मला जवळचं दिसत नाय आता. चष्मा पाहिजे. तेपण मी लपवलं."

"असलं चारचौघांत बोलायचं नसतं!" हैबतराव माझ्यावरून ताडकन उठले. त्यांना न्याय करायचा होता, हे ऐकायचं नव्हतं. ते गेले, त्यांच्यामागून दिनानाथ गेला, भावकीतले बाकीचेही पांगले.

धोंडुबाई मात्र हलली नाही. मग सावकाश आली आणि माझ्यावर बसली. तिचं वजन काहीच नव्हतं.

"तुझा सासरा रोज यायचा गो," ती पुतळीला म्हणाली. "आखणीचा महिना सोडला तर रोज. मी बाळंतीण असू दे, तापलेली असू दे, मला नको असायचं. आखणी कधी सुरू होते याची मी वाट बघायची. नको म्हणायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. आणि तू पाहिजे म्हणालीस तर मीच तुझ्यावर उठले." आणि ती म्हातारी ढसाढसा रडली.

कमळाकर सासऱ्यांपुढे गेला. "मामा, हिला डाग लावून नेऊ नका. चांगलं घर बघा, हिचा पाट लावा. मी मोकळी करतो."

गुणाजी मान डोलावणार, तोच पुतळी कडाडली. "परत तुम्हीच ठरवलंत! मला विचारलं कुणी?"

कमळाकर तिच्याकडे वळला. लग्न झाल्यापासून त्याने तिच्याकडे असं सरळ पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं. "मग तू सांग, पुतळे. तुला काय पाहिजे?"

"सांगते. आधी जरा बसू द्या मला," ती म्हणाली आणि सासूशेजारी माझ्यावर बसली.

दोन दिवस तिने विचार केला. मग दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत, आपली पेटी घेऊन आपल्या पायांनी निघाली. पेण स्टेशनवर तिला रोह्याच्या गाडीत बसवायला धोंडुबाई स्वतः गेली. मी मागाहून टेम्पोने आले. वर्षभराने पुतळीने स्वतः बघून, स्वतः बोलून, रोह्यातल्याच एका बिजवराशी पाट लावला. तिच्या संसारात मी अजून उभी आहे. इथली हकिकत विचारू नका. एवढंच सांगते, ती पुन्हा गुणगुणते.

तुम्हाला वाटेल, मग आता कसली काळजी? सांगते. धोंडुबाई जगली तोवर वर्षातून एकदा गाडीने रोह्याला यायची, माझ्यावर बसून चहा प्यायची आणि हमरापूरच्या गोष्टी सांगायची. तिथे अजून बोलतात म्हणे, "पुतळीला एक नवरा पुरला नाय." कमळाकर चष्मा लावून आखणी करतो. असं कुणी बोललं की तो ब्रश खाली ठेवतो आणि सांगतो, "नाय रे. तिची काही चूक नव्हती. मलाच नको होतं." मग लोक काय म्हणतात ठाऊक आहे? एकमेकांकडे बघून हात जोडतात. "बघा, केवढा साधू! बायकोचं पाप स्वतःच्या अंगावर घेतो!"

तो बिचारा खरं सांगून सांगून थकला. जितकं सांगतो तितका तो मोठा होतो आणि पुतळी तितकी खाली जाते. ऐकून माझ्या सांध्यासांध्यात कळ उठते.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या खाटा जपा, वाळवीपासून सांभाळा, हे मी सांगणार नाही. लाकूड आहे, कधीतरी जळणारच. पण लग्न करायला निघालात तर आधी एकमेकांना विचारा, आणि जे उत्तर येईल त्याला हसू नका, मग ते व्हय असो की नाय. आणि उद्या चहाच्या टपरीवर कुणी एखाद्या बाईचं असं नाव काढून फिस्सकन हसलं, तर तुम्ही तरी त्यात सामील होऊ नका.