सात दिडे किती?

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि औरंगाबादच्या मुलींच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. गणित शिकवणाऱ्या गौहर आपांची मोठी पंचाईत झाली. हिशेब त्यांना तोंडपाठ, पण मराठीतून पाढे म्हणताना जीभ अडायची. आता डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. मराठीतून शिकवता आलं तर नोकरी, नाहीतर घर.

सातवीतल्या मनकर्णेला गणिताचं नाव काढलं की पोटात दुखायचं. ती चिकलठाण्याहून बापाच्या भाजीच्या बैलगाडीतून शाळेत यायची. बाप रामकिसन वैतागला होता. "यंदा सायबाम्होरं चुकलीस तर शाळा बंद. शेंगा तोडाया चल."

अशात एके दिवशी तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. आपांनी भर वर्गात तिचा मातीनं भरलेला पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि सुईनं काटा काढला. बस्स! त्या दिवसापासून पोरीला गणित आवडायला लागलं. कुणी म्हणेल, काट्याचा आणि गणिताचा काय संबंध? त्या अडनिड्या वयात ज्याला जीव लावणारं माणूस भेटलं, त्यालाच तो कळायचा.

मनकर्णा गाडीत बापालाच दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, विचारू लागली. रामकिसननं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण भाजी विकून विकून पावकी, दिडकी त्याच्या जिभेवर होती. ती वाटेत शिकायची आणि मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली आपांना शिकवायची. आपा चुकल्या की दोघी खो खो हसायच्या.

तपासणीच्या दिवशी रामकिसनही व्हरांड्यात थांबला. साहेब म्हणाले, "बाई, दिडकी घ्या." आपांनी सुरुवात तर झोकात केली, पण 'सहा दिडे नऊ' आलं आणि गाडं रुतलं. कपाळावर घाम आला. मनकर्णेच्या जिभेवर उत्तर होतं. पुढचं सांगावं तर आपांची अब्रू जाते. ती ताडकन उठली.

"मी म्हणते, सायब. सात दिडे साडेबारा!"

"साडेदहा!" आपा चटकन म्हणाल्या आणि त्यांची जीभ सुटली. थेट 'दहा दिडे पंधरा'वरच थांबल्या.

साहेब खूश झाले. "बाई तयार आहेत. पोरगी मात्र ढ दिसते."

मनकर्णा खाली बसली. व्हरांड्याकडे बघायची तिची हिंमत होईना. शाळा गेली ती गेली.

गौहर आपांनी खडू टेबलावर ठेवला. एवढ्या कष्टानं कमावलेली मराठी त्यांनी त्या घटकेला सोडूनच दिली. "साहब, बच्ची ढ नहीं. मेरे कू ये सब इसीच ने सिखाई."

"मग चुकलीस कशी गं?"

मनकर्णा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "आपा अडल्या व्हत्या."

साहेबांनी मग तिला सगळी दिडकी म्हणायला लावली. ती एकदाही अडली नाही. आपांची नोकरीही राहिली.

गाडी चिकलठाण्याच्या वाटेला लागली. रामकिसन कासरा ओढत म्हणाला, "उद्या लवकर उठ. पाऊणकी राहिलीय. तुझ्या आपाला बी लागंल."