हिरो मेल्यावर पुढे

फरहाने आसिमला नकार दिला. सरळ, स्वच्छ, चहाच्या कपबशा उचलायच्या आत. असं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ.

तर आसिम. कळंबला बसस्टँडसमोर त्याचं सीट-कव्हर शिवायचं दुकान होतं. मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीप, ज्याच्यावर माणूस बसू शकतो त्या प्रत्येक गोष्टीवर तो रेक्झिन चढवून देई. कापसाची ती वाईट वर्षं होती. नवा ट्रॅक्टर कोणी घेत नव्हतं, आणि जुन्याची सीट फाटली तर लोक वर पोतं टाकून बसत. दिल्ली-मुंबईचे पेपरवाले भाड्याच्या जीप करून गावोगाव फिरत आणि सीट उसवली की आसिमकडे थांबत. शिवून होईपर्यंत वही काढून विचारत, "इथल्या एकूण परिस्थितीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

आसिम म्हणे, "पह्यला भाग लांबला."

पूनम टॉकीजला लागलेल्या पिक्चरबद्दल विचारताहेत असं त्याला वाटे, कारण दुसऱ्या कशाबद्दल त्याचं मत आजवर कोणी विचारलेलं नव्हतं.

पिक्चरबद्दल मात्र सगळे विचारत. जिनिंगच्या कारखान्यात कापूस मोजून झाला की खेड्यांवरची माणसं टॉकीजकडे जाताना आधी त्याच्या दुकानाशी थांबत. "आसिमभाऊ, पाहाव का?" आसिम मशीनवरून मान न उचलता सांगे, "पाहा." किंवा, "घरी जा." त्या दिवसांत तिकिटाचे पैसे वाया घालवणं कोणालाच परवडत नव्हतं, त्यामुळे त्याच्या शब्दाला तालुक्यात वजन होतं.

आता पूनम टॉकीजची रीत सांगायला हवी. टॉकीज पूनमसिंग राठोडची. वर टिनाचं छप्पर, आत बाकडी, आणि चालणारा खेळ एकच, दुपारचा. जिनिंगचा काटा बंद होईस्तोवर खेड्यांवरची माणसं मोकळी होत नसत, म्हणून खेळ लवकर लावता येत नसे. आणि त्यांच्या गावाकडच्या गाड्या संध्याकाळी सुटत, म्हणून शेवट पाहायला कोणी उरत नसे. हिरो बंदूक उचले आणि सगळं थेटर पिशव्या उचले. लोक पूनमसिंगला शिव्या देत गाडीत बसत. मग पूनमसिंगने इलाज काढला. मध्यंतर संपलं की आधी शेवटची दोन रिळं लावायची. काय व्हायचं ते होऊन जायचं. गावची माणसं डोळे पुसत स्टँडवर जायची, आणि मधली राहिलेली रिळं मग कळंबच्या लोकांना सावकाश दाखवायची.

"कापसाचं काय होईन हे तं कोनीच सांगू शकत नाही," पूनमसिंग म्हणे. "पिक्चरचं काय झालं एवढं तरी मानसाले घरी नेता आलं पाह्यजे."

ही व्यवस्था आसिमच्या जन्माच्या आधीची. ती कोणी लपवून ठेवलेली नव्हती. फक्त आसिमला सांगायचं राहून गेलं. घरी टीव्ही होता, पण लोडशेडिंगने त्याच्यावर एकाही पिक्चरचा शेवट होऊ दिला नव्हता. त्यामुळे आसिमची समजूत अशी, की पिक्चरचे तीन भाग असतात. मध्यंतराआधीचा, मग शेवट, आणि मग शेवटानंतरचा. आणि खरी कला शेवटानंतर दिसते.

एका पिक्चरमध्ये डाकू पोलिसांना शरण जातो, आईच्या पाया पडतो आणि दोन गाणी झाली की पुन्हा दरोडे घालायला लागतो. आसिमचा तो फार लाडका. "मानूस सुधारते," तो गिऱ्हाइकांना समजावून सांगे, "आन मंग कंटाळते. इतकं खरं कोन दाखवते?" कोर्टाच्या एका पिक्चरमध्ये निकाल लागल्यावर केस जोरात चालू राहते, तेही त्याला अगदी पटलेलं, कारण त्याच्या अब्बांची, म्हणजे हाफिजभाईंची, प्लॉटची केस तशीच चालू होती. न आवडलेलेही होते. एकात हिरो-हिरोइनचं लग्न होतं, आणि पुढच्याच सीनमध्ये ती त्याला नाव विचारते. "लग्न झाल्यावर वळख दाखवत नाही इथवर ठीक हाये," आसिम म्हणे, "पन तिच्या बापाले पुन्हा मागनी घालाले कायले जा लागते?"

सगळ्यात निराशा मात्र यवतमाळची. तिथल्या टॉकीजमध्ये तो मोजक्या वेळा गेला होता आणि प्रत्येक वेळी फसवणूक झाली. हिरो मेला की लाइट लावून मोकळे. पुढचं सगळं कापलेलं. "जिल्ह्याचं ठिकान हाये," तो म्हणे, "पन दानत नाही."

आणि स्थळ आलं ते नेमकं यवतमाळचं.

जमीरभाईंचं तिथे शिलाई मशीनच्या सामानाचं दुकान. आसिम सुया आणि बॉबिन तिथूनच आणायचा. फरहा त्यांची मोठी मुलगी. शिवणाचा क्लास चालवायची, दुपारी गल्ल्यावर बसायची, आणि पिक्चरवेडी म्हणून घरात बोलणी खायची. आसिमने तिला गल्ल्यावर बरेचदा पाहिलेलं. पण सुया मागताना माणूस सुयांबद्दलच बोलतो. आता मात्र रीतसर बैठक ठरली, आणि आसिमने आदल्या आठवड्यात शिवलेल्या सगळ्या सीटांची शिलाई वाकडी गेली.

बैठकीत थोरांचं बोलणं हिंदीत चाललं होतं. म्हणून या दोघांनी आपलं मराठीत केलं, म्हणजे खाजगी राहील. राहिलं नाही, कारण मराठी सगळ्यांनाच येत होती.

"तुमाले पिक्चर लय आवडते म्हने," फरहा म्हणाली.

"हो. तुमाले?"

"आमच्या मांगच्या भिंतीलेच टॉकीज हाये. जे पाह्यले नाही ते आयकले हायेत."

आसिमला वाटलं, झालं. जमलं. त्याने एकदम आपला सगळ्यात आवडता काढला. "तो ट्रकवाल्याचा पाह्यला?"

"अय्या!" फरहाने हातातली बशी खाली ठेवली. "माह्या एक नंबरचा हाये तो. शेवटी पुरात तो तिच्या मांडीवर जीव सोडते ना, तवा मी..."

"शेवटी कुठं? तिथून तं पिक्चर रंगते."

"काय रंगते?"

"मेल्यावर तो चहाची टपरी टाकते. मंग मायले डोयाच्या दवाखान्यात नेते. तिची पट्टी निघते. आधी जरा तापट होता तो. मेल्यावर निवळला."

फरहाने शेजारी बसलेल्या मावशीकडे, गुलनारखालाकडे, पाहिलं. गुलनारखालाने हाफिजभाईंकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "भाईजान, लडका पीता तो नहीं ना?"

"तुमी मले येडं समजून राह्यले का?" फरहा म्हणाली.

"मी नाही. तुमची टॉकीज समजून राह्यली. अर्धाच पिक्चर दाखवते तुमाले, आन तुमी रडून घरी येता."

यानंतर जे झालं ते झालंच नाही असं आपण धरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी आसिम दुकान न उघडता पूनमसिंगकडे गेला. पूनमसिंग तिकीटखिडकीत भजी खात बसला होता.

"दादा, ट्रकवाला मेल्यावर टपरी टाकते का नाही? तुमीच सांगा. यवतमायवाल्याले काही समजत नाही."

पूनमसिंगने भजं खाली ठेवलं आणि रिळांची सगळी हकीकत सांगितली. गाड्यांच्या वेळा, जिनिंगचा काटा, सगळं. आसिम बाकड्यावर बसला.

"म्हंजे तो मेला तो मेलाच?"

"मेलाच. साऱ्या जिल्ह्यात मेला."

"आन टपरी?"

"ते आधीचं."

"डाकू?"

"शरन गेला. बसला असंन जेलात."

आसिम बोटांवर मोजू लागला. इतक्या वर्षांत किती माणसं मेली, हे त्याला एकाच दुपारी कळत होतं.

"मले काहून नाही सांगितलं कोनी?"

"तू इचारलं का कधी? तू तं बाहेर उभा राहून लोकायले समजून सांगे. म्या बी आयकत राहो. मले वाटे, असंन बा. पोरगं इतकं पाह्यते तं त्याले समजत असंन."

त्या आठवड्यात आसिमला कोणी विचारलं, "पाहाव का?" तर तो म्हणे, "मले काय इचारता?" लोक बुचकळ्यात पडले आणि तसेच घरी गेले. टॉकीज रिकामी पडली. पूनमसिंगने दोनदा भजी पाठवली, पण फरक पडला नाही.

मग आसिम यवतमाळला सुया आणायला गेला. सुया होत्या. फरहा गल्ल्यावर होती.

"तुमचं बरोबर होतं," तो काउंटरकडे पाहत म्हणाला. "तो शेवटीच मरते." आणि त्याने रिळांची गोष्ट सांगितली, स्वतःलाही न वगळता.

फरहा हसली. पुष्कळ हसली. मागून जमीरभाईंनी खाकरून विचारलं तेव्हा तिने बॉबिनचा डबा सांडल्याचं सांगितलं आणि खोटं ठरू नये म्हणून सांडलाही. मग दोघांनी बॉबिन वेचले. वेचता वेचता ती अचानक थांबली.

"एक सांगा. तो मेल्यावर टपरीवर हासते. तवा कसा दिसते?"

आसिमने विचार केला. "चांगला दिसते."

"आपल्याले माहीत असते ना, तो मेला म्हनून?"

"हो. आताच तं पाह्यलेलं असते."

"मले पाहाचं हाये," फरहा म्हणाली. "तुमच्याइथला सारा पिक्चर पाह्यल्याशिवाय मी आता काहीच बोलत नाही." आणि सुयांचं पाकीट पुढे सरकवलं. काहीच म्हणजे कशाबद्दल, हे आसिमने विचारलं नाही, पण घरी जाताना त्याने एसटीत उभ्यानेच प्रवास केला. सीट रिकामी होती.

पूनमसिंगने खटपट करून ट्रकवाला पुन्हा मागवला. बाजाराच्या दिवशी फरहा गुलनारखालाला घेऊन आली. खालाच्या गुडघ्याला लागणारं तेल कळंबलाच चांगलं मिळतं असं घरी सांगून. आसिम दोन बाकडी सोडून मागे बसला. मध्यंतर झालं. पूर आला, ट्रक वाहून गेला, ट्रकवाल्याने मांडीवर जीव सोडला. गावची माणसं नाक शिंकरत उठली. आणि त्यांच्याबरोबर खालाही उठली.

"चल. गाडीची वेळ झाली."

"खाला, आता तं सुरू होते!"

"तुझ्या अब्बाच्या दुकानाचं शटर पडायच्या आत घरी पाह्यजे. मंगच्या गाडीनं गेलं तं माहं काय होईन मालूम हाये?" मधल्या वेळेत सुटणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये खाला बसत नसे, कारण तिच्यात बसायला मिळत नसे; लटकावं लागे.

फरहा दाराशी जाऊन वळली. पडद्यावर ट्रकवाला आला होता. खांद्यावर फडकं टाकून तो काचेचा ग्लास पुसत होता आणि कोणाकडे तरी पाहून हसत होता. यवतमाळला या सीनला ती नेहमी हसायची. आता हसली नाही. ओढणीचं टोक तिने तोंडाशी धरलं.

"त्याले मालूम नाही," ती हळूच म्हणाली.

"त्याले कसं मालूम राहीन," आसिम मागून म्हणाला. "तो तं आताच मेला."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. खालाने दंड धरून तिला नेलं.

पुढच्या बाजारी ती पुन्हा आली. खालाकडे एव्हाना पाच गुडघ्यांना पुरेल इतकं तेल झालं होतं. ग्लास पुसून झाला आणि हॉर्न वाजला. त्याच्या पुढच्या बाजारीही तसंच. "तू 'ना' बोल चुकी ना?" खालाने एकदा स्टँडवर विचारलं. "ते मानसाले बोलली," फरहा म्हणाली, "पिक्चरले नाही. पिक्चर होऊ दे सारा, मंग पाहू." आणि गाडी निघेस्तोवर ती खिडकीतून सीट-कव्हरच्या दुकानाकडे पाहत राहिली.

आसिमने पूनमसिंगला रिळं सरळ लावायला सांगून पाहिलं. पण सरळ लावली तर मेल्यावर हसणारा राहतच नव्हता, आणि गावची माणसं पुन्हा शिव्या देणार होती. तेव्हा त्याने दुकानातल्या रेक्झिनच्या पावतीमागे, अक्षर चांगलं म्हणून एका पेपरवाल्याकडूनच लिहून घेऊन, पुढील अर्ज दिला.

प्रति, मा. आगारप्रमुख यांस. विषय : यवतमाळकडे जाणारी संध्याकाळची गाडी थांबवून धरण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर गाडी नियमित व वेळेवर सुटत असल्यामुळे अर्जदाराचे न भरून येणारे नुकसान होत आहे. तरी प्रत्येक बाजाराच्या दिवशी, हिरोच्या निधनानंतर त्याच्या मातोश्रींच्या डोळ्यांवरील पट्टी निघून त्यांना स्पष्ट दिसू लागेपर्यंत, सदर गाडी कळंब स्थानकात उभी ठेवण्याचे आदेश संबंधित चालक व वाहक यांना देण्यात यावेत, ही नम्र विनंती.