गंज नसलेलं घराणं

आप्पासाहेब गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. कुणाच्या दुधात किती पाणी, हे त्यांना नुसत्या नजरेने कळायचं. स्वतःच्या घरातली गोष्ट मात्र ते कधी मापाला लावत नसत. ती गोष्ट म्हणजे धाकटा भाऊ कल्याण. अकरा वर्षांपूर्वी त्याला नसलेली माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या सुरू झाल्या. आता तो नऊ गाईंच्या धारा काढतो, गोळी चुकवत नाही आणि कुणाच्या अध्यात नसतो की मध्यात. त्या घरातलं खरं शहाणं माणूस तेच, पण हे सांगणार कोण?

आप्पासाहेबांच्या मुलीला, आरतीला, काष्टीचं स्थळ आलं. मुलाचे वडील बन्सीभाऊ मोबाईलवर वाचून हुशार झालेले. पत्रिका बाजूला सारत ते म्हणाले, "आता पत्रिका कोन बघतंय? जीन बघायचं. घरान्यात डोक्याचं कायबी न्हाई, एवढं लेखी द्या."

त्याच महिन्यात संशोधकांचं पथक गावात मुक्कामाला आलं. पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शरीराला आतून गंज चढू नये म्हणून काही जीन राबतात, त्यांना अँटीऑक्सिडंट जीन म्हणतात. त्यांच्यातल्या फरकाने स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढतो का, एवढंच रक्तातून तपासायचं होतं. आप्पासाहेबांनी फक्त गंज ऐकला. त्यांनी आठ दिवस घरादाराला दोन्ही वेळ आवळे चारले आणि मगच सगळ्यांना रक्त द्यायला नेलं. कल्याण सगळ्यांत आधी बसला.

"आरतीच्या कामाला येत आसंल तर दोन बाटल्या घ्या," तो म्हणाला.

आप्पासाहेबांनी रिपोर्ट कधी मिळेल ते विचारलं.

"एकेकट्याचा रिपोर्ट नसतो, काका," बाई म्हणाल्या. "आणि आवळ्याने जीन बदलत नाहीत. अमक्याला आजार होईल, तमक्याला नाही, असं यातून सांगताच येत नाही."

"म्हंजी तुमालाबी म्हाईत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांचा मार्ग मोकळा झाला. तज्ज्ञाला माहीत नसलं की चेअरमनने लिहायला हरकत नसते. संस्थेच्या लेटरहेडवर त्यांनी टाईप करून घेतलं: 'सदर घराण्यात कोणत्याही प्रकारचा गंज आढळून आला नाही.' खाली सही, सहीवर गोल शिक्का.

रविवारी पाहुणे आले. बन्सीभाऊंनी दाखला दोनदा वाचला, समाधानाने मान डोलावली आणि खिशातून आपलाही काढला. तो कुठल्याशा पतसंस्थेच्या लेटरहेडवर होता, पण घराणं तितकंच निर्मळ. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघांनीही एकमेकांना पुढे एक शब्द विचारला नाही.

चहाला दूध कमी पडलं. गोठ्यात थांबायला बजावलेला कल्याण दुधाची किटली घेऊन ओसरीवर आला.

"हे कोन?" बन्सीभाऊंनी विचारलं.

आप्पासाहेब किटलीकडे बघत म्हणाले, "गडी हाय आमचा. जुना."

"कामाचा दिसतोय. किती वर्सं हाईस रं हितं?"

"जन्मापासनं," कल्याण म्हणाला. मग भावाकडे वळून त्याने शांतपणे विचारलं, "मालक, दूध आत देऊ?"

चाळीस वर्षं त्याच्या तोंडून 'दादा' ऐकलेल्या आप्पासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी मान हलवली. मुलाची आई पिशवीतून साखरेचा पुडा काढत होती.