कढईतली हरणं

रूलनने बूट काढले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते, आणि बूट काढण्यात त्याचं काहीही चुकलं नव्हतं. उघड्या डोंगरावर धनुष्य घेऊन हरणाच्या चाळीस पावलांत जायचं तर बूट काढावेच लागतात. खडीवर एकदा करकर झाली की वर्षभराची मेहनत पाण्यात. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवायचे. बूट, कोट, पाणी, लायटर, फोन असं सगळं पिशवीसकट एका खडकापाशी ठेवायचं आणि त्या खडकावर नारिंगी फितीचा हातभर तुकडा बांधायचा. परतताना तो लांबून दिसतो. ही शिकवण गावातल्या निम्म्या शिकाऱ्यांना रूलननेच दिली होती.

चुकलं ते फितीचं. बांधायला म्हणून त्याने ती खिशातून काढलीही होती. तेवढ्यात पलीकडच्या डोंगराच्या धारेवर एक घोडेस्वार दिसला. घोडी तांबडी, पुठ्ठ्यावर पांढरी. अख्ख्या जिल्ह्यात अशी घोडी एकाच माणसाकडे होती.

"हा बातिस्त इथे कुठून उपटला!" रूलन पुटपुटला आणि नारिंगी रंग त्याला दिसू नये म्हणून फीत परत खिशात कोंबली.

बातिस्त म्हणजे मेंढपाळांच्या घरातला, परदेशातून मेंढ्या राखायला आलेल्या बास्क लोकांपैकी. वीस वर्षं दोघांनी एकाच तंबूत शिकार केली, एकाच डब्यातले बीन्स खाल्ले. मग सहा वर्षांपूर्वी त्यांच्या आवडत्या खोऱ्यात एका सकाळी परक्या शिकाऱ्यांचे पाच ट्रक उभे दिसले आणि त्यातला एक बातिस्तच्या भाच्याचा होता.

"तूच सांगितलंस," रूलन म्हणाला होता.

"मी तोंड उघडलेलं नाही. पोरगं स्वतःच्या पायांनी फिरतं, त्याला डोळे आहेत."

"तुझ्या घरात गळका नळ आहे, बातिस्त. मी तिथे पाणी भरणार नाही."

झालं. वीस वर्षांची दोस्ती एका वाक्यात संपली. रूलनने नवी जागा शोधली, उंचावरची, तीन बाजूंनी कडे असलेली. मनातल्या मनात तो तिला कढई म्हणायचा. कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही! आयडेलाने या वेळीही दारात उभं राहून विचारलं होतं, "नक्की कुठं शोधायचं तुला, मेलास तर?"

"टेलर कॅन्यन," तो बेधडक म्हणाला. टेलर कॅन्यन हे खोरं कढईपासून सत्तर मैल, वेगळ्याच डोंगररांगेत.

"मागच्या वर्षी पण टेलर कॅन्यन म्हणालास आणि ट्रकवर लाल माती घेऊन आलास. मी काय आंधळी आहे?"

तो हसला होता. ट्रकसुद्धा त्याने रस्त्यावरून दिसू नये म्हणून ज्युनिपरच्या झाडीमागे घातला होता. शिकाऱ्याच्या जातीला हा रोगच आहे. जागा लपवता लपवता माणूस स्वतःलाही लपवून बसतो.

सात वर्षं शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नाव घातल्यावर या वर्षी तो मिळाला होता, आणि कड्याच्या सावलीत बसलेला तो मोठ्या कानांचा नर रूलनने चार उन्हाळे दुर्बिणीतून वाढताना पाहिला होता. तो पोटावर सरपटत गेला. दीड तास लागला. नर उठला, अंग ताणलं, आडवा उभा राहिला. रूलनने बाण सोडला त्याच क्षणी नराने एक पाऊल पुढे टाकलं. बाण बरगड्यांच्या मागे पोटात बसला.

पोटात बाण लागलेल्या जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं. ते जवळच कुठेतरी बसतं आणि शांतपणे मरतं, त्याला रात्रभर तसंच सोडायचं. उठवलं तर मैलोन् मैल चालत जातं आणि मग कुणाच्याच हाती लागत नाही. रूलनला हे पाठ होतं. पण पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ चढत होतं, रक्ताचे थेंब धुऊन जाणार होते, आणि त्याच्याने राहवलं नाही. मोजे घालूनच तो खडकाखडकांवरून थेंब शोधत निघाला.

अर्ध्या तासात गारा आल्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दहा हजार फुटांवर आभाळाला कुणी विचारायचं! आधी बोराएवढ्या गारा, मग बर्फाचा चिखल, मग ढग असा खाली आला की त्याला स्वतःचा हात दिसेना. रक्त गेलंच. तो मागे वळला.

पण वळून जायचं कुठे? सगळे खडक राखाडी, सगळ्यांवर पांढरा थर. या खडकाशी जा, नाही. त्या खडकाशी जा, नाही. "फीत बांधली असतीस, मूर्खा," तो मोठ्याने म्हणाला. "एक गाठ! एक गाठ मारायला काय तुझ्या बापाचं जात होतं?" खिशातली फीत ओली होऊन मांडीला चिकटली होती.

तासाभराने मोज्यांच्या चिंध्या झाल्या. दगडांवर आता त्याचंच रक्त पडत होतं, आणि वाईट म्हणजे दुखायचं थांबलं होतं. अंगात भिजलेला सदरा. मघापर्यंत दात वाजत होते, आता तेही वाजेनात, म्हणजे अंगातली ऊब संपत आली, हे रूलनला चांगलं ठाऊक होतं. तंबू दोन मैल खाली, ट्रक नऊ मैल. आज मंगळवार. आयडेला त्याची वाट रविवारी पाहायला लागणार, सोमवारी माणसं टेलर कॅन्यन पालथं घालणार. तो इथे एका खडकाला टेकून बसलेला असणार. कोण येणार कढईत? कढई आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. त्याने ते फार छान सांभाळलं होतं.

चारच्या सुमारास ढग फाटला. समोर धारेवर बातिस्त होता! घोडी तिरकी उभी, डोळ्याला दुर्बीण. तोंड रूलनच्याच दिशेला.

रूलन उठला, पडला, पुन्हा उठला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्याने जिवाच्या आकांताने हलवले. "बातिस्त! ए बातिस्त!" वारा तोंडावर होता, हाक परत त्याच्याच घशात जात होती.

बातिस्तने दुर्बीण खाली घेतली. टोपी काढून सावकाश उंच धरली. मग घोडी वळवली आणि धारेपलीकडे उतरून गेला.

त्या डोंगरात हात हलवण्याचा अर्थ एकच होतो: मी हरणाच्या मागावर आहे, माझा खेळ बिघडवू नकोस, निघ इथून. टोपी उंच करायची आणि मुकाट्याने निघून जायचं, ही भल्या माणसाची रीत. दोघांनी मिळून ती किती वेळा पाळली होती. बातिस्त शिष्टाचाराने वागला होता, आणि त्या शिष्टाचाराने रूलन मरणार होता.

तो रडला. छप्पन्न वर्षांचा माणूस दगडावर बसून हमसून हमसून रडला. रडतानाच त्याला खाली झुडपांच्या पट्ट्यात कानांची हालचाल दिसली. त्याची हरणं. गारा थांबल्यावर अंग झाडत होती. चार नर, तीन माद्या. त्यांना त्याने सहा वर्षं इतकं जपलं होतं की वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय तो या कढईत पाऊल टाकत नसे. आणि ही हरणं बिथरली की जातात एकाच वाटेने, वरच्या खिंडीतून. खिंडीपलीकडच्या उतारावर आता बातिस्त असणार.

रूलन अडाणी नव्हता. एकदा उधळलेला कळप अशा जागी परत येत नाही, हे त्याला कळत होतं. आणि धडधाकट असताना रूलन स्वतःची हरणं कधी उधळणार नाही, हे बातिस्तलाही कळणार होतं.

त्याने कड्याच्या टोकावरच्या एका धोंड्याला खांदा लावला. हलेना. बोटं वाकत नव्हती. मग त्याने धनुष्य घेतलं आणि पहारीसारखं खाली घातलं. दोन महिन्यांच्या पगाराचं धनुष्य, आयडेलाला हात लावू देत नसे. त्यावर त्याने सगळं वजन टाकलं. कडाड असा आवाज होऊन धनुष्याची वरची पाती तुटली, पण धोंडा सुटला.

धोंड्याने आणखी दहा धोंडे बरोबर खाली नेले. अख्खी कढई दणाणली. रूलनने हाताला येईल तो दगड लोटला, ओरडला, शिव्या दिल्या. "जा! निघा! चालते व्हा इथून!" हरणं चौखूर उधळली आणि एकामागोमाग एक खिंडीकडे चढली.

शेवटी, सगळ्यांपासून लांब, एका खडकाच्या आडोशाला, त्याचा नर उठला. सत्तर पावलांवर. इतका वेळ तो तिथेच बसून होता. उठवला नसता तर सकाळपर्यंत तिथेच मेला असता. पोटात अर्धा बाण लोंबत होता. त्याने एकदा मागे पाहिलं आणि थांबत, अडखळत, बाकीच्यांच्या मागे निघाला. तो खिंडीत दिसेनासा होईपर्यंत रूलन बघत राहिला. मग पाय गेले आणि तो तिथेच आडवा झाला.

किती वेळ गेला त्याला सांगता आलं नसतं. घोडीच्या घामाचा वास आला, आणि कुणीतरी त्याचे पाय स्वतःच्या सदऱ्यात, उघड्या पोटाशी धरले.

"बूट कुठंयत?" बातिस्तने विचारलं.

"सापडले नाहीत."

"फीत?"

रूलनचा हात ओल्या खिशाकडे गेला. बातिस्तने समोरच्या धारेकडे पाहिलं, जिथून तो दुपारी रूलनला दिसला असणार, आणि पुढचं विचारलं नाही. त्याने कोट काढून रूलनभोवती गुंडाळला.

"नर," रूलन म्हणाला. "माझा होता. पोटात लागलाय."

"माझ्या समोरून गेला. पल्ल्यात नव्हता." बातिस्तने मान हलवली. "गेला तो, रूलन. आता सापडायचा नाही."

"तुला ही जागा कशी सापडली?"

"चार वर्षं झाली. लाल माती फक्त या बाजूला आहे, आणि तू ट्रक कधी धुतोस? दर सीझनला एकदा वरून बघून जातो, तू धड आहेस का ते." त्याने रूलनला काखेत धरून उचललं आणि घोडीवर ढकललं. "कुणी आलं का इथं चार वर्षांत? एक तरी माणूस?"

रूलनने नकारार्थी मान हलवली.

"मघाशी हात हलवलास. मला वाटलं, जा म्हणतोयस." बातिस्तने लगाम हातात घेतला. "सहा वर्षं तेच तर म्हणतोयस."

रूलनने घोडीच्या आयाळीत तोंड खुपसलं. बातिस्तने मागे वळून पाहिलं नाही. तो पुढे होऊन, पाय जपून टाकत, घोडीला खडीवरून खाली नेऊ लागला.