सहा काळे गोल

तो कागद ज्याने आखला त्याला एकदा आमच्या खात्यात आणून बसवायला हवं. मी लिफ्ट तपासतो. आमचा तपासणीचा तक्ता झोपेतून उठवलेला माणूसही भरेल: दोर ठीक की खराब, ब्रेक ठीक की खराब, दार ठीक की खराब. एकही चौकोन रिकामा राहिला तर साहेब तक्ता तोंडावर फेकतात. आणि इथे माझ्या मेहुण्याने जो कागद पुढ्यात ठेवला त्यात चौकोन होते, गोल होते, ढालीसारखं काहीतरी होतं, आणि कशात काय लिहायचं याचा पत्ता नव्हता.

"दाजी, हे तुमचं पात्र," मेहुणा म्हणाला. "खेळात तुम्ही म्हणजे हा माणूस. इथे लिहाल तेवढाच तो."

मेहुणा दातांचा डॉक्टर. दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तो हा खेळ चालवतो. तो गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि पेच आला की फासा टाकतात. खेळणाऱ्या दोघी, माझ्या बायकोची मुलगी आणि तिची मैत्रीण. मैत्रिणीला सगळे वकीलच म्हणतात, कारण नियमावरून ती कुणाशीही भांडते. तिसरा खेळाडू शिकायला दूर गेला, जागा रिकामी झाली, आणि मी लगेच हात वर केला.

मला खेळाची काडीची हौस नव्हती. लग्न करून मी या घरात आलो त्याला वर्ष होत आलं, आणि ती मुलगी माझ्याशी इतकी नीट वागायची की जीव नकोसा व्हायचा. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी समोर बसलेलो, मीठ माझ्या हाताशी, तरी ती आईला म्हणायची, "आई, त्यांना मीठ सरकवायला सांग ना." तिने मला घरातला धरावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी राक्षसांशी लढायचं असेल तर लढू म्हटलं.

"ताकदीच्या चौकोनात सोळा लिहा," मेहुणा म्हणाला, "आणि खालच्या गोलात अधिक तीन."

"यातलं खरं कुठलं?"

"गोलातलं. चौकोनातलं खेळताना लागत नाही."

"मग लिहायचं कशाला?"

"गोलातलं काढायला."

मी पेन्सिल खाली ठेवली. लिफ्टमध्ये कुणी अशी पाटी लावली असती, की माणसं सोळा पण खरी तीन, तर मी त्या इमारतीला टाळं ठोकलं असतं. पण मुलगी बघत होती, म्हणून पेन्सिल पुन्हा उचलली.

पुढचा चौकोन 'निष्क्रिय जाण'. म्हणजे न बघता जे दिसतं ते. "बघितलं तर तो आकडा वेगळा," वकील म्हणाली. मला हे मात्र पटलं. न बघता मला या घरात बरंच दिसतं. परीक्षा आली की मुलगी नखं खाते, आणि माझ्या पावलांचा आवाज आला की गुणगुणायची थांबते. मी ऐटीत एकोणीस लिहिले. मेहुण्याने हिशेब करून अकरा करायला लावले.

'बंध' अशी एक ओळ होती. पात्राची जिवाभावाची माणसं कोण, ते तिथे लिहायचं. खात्यातल्या सवयीने मी लिहून टाकलं, 'लागू नाही'. लिहिल्यावर माझं मलाच वाईट वाटलं, पण खोडरबर मागायचं म्हणजे सगळ्यांनी वाकून बघितलं असतं.

कोपऱ्यात शेवटचं प्रकरण उरलं. 'यश', पुढे तीन गोल. 'अपयश', पुढे तीन गोल. बस. मला वाटलं, माणसाच्या आजवरच्या आयुष्याबद्दल विचारतायत. अपयशाचे तीन मी चुटकीसरशी काळे केले, आणखी तीन असते तरी अडलं नसतं. यशासाठी बराच वेळ डोकं खाजवावं लागलं. शेवटी तेही भरले. रिकामा गोल माझ्याच्याने बघवत नाही.

खेळ सुरू झाला. आम्ही तिघं एका जुन्या खाणीत शिरलो. समोर खोल खड्डा, वर चाक, आणि चाकावरच्या दोराला टांगलेला पाळणा. माझं काळीज सुपाएवढं झालं. "थांबा, कुणी बसू नका," मी ओरडलो. "आधी मी तपासतो."

फासा टाकला. एक पडला. एकाहून वाईट या खेळात काही नाही, हे मला मेहुण्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पाय घसरून तुम्ही तळाशी कोसळलात," तो म्हणाला. "शेवटच्या घटका मोजताय. आता मरणाशी झुंज, कोपऱ्यातले गोल बघा. दर खेपेला फासा टाकायचा. जमलं तर यशाचा एक गोल भरायचा, नाही तर अपयशाचा. यशाचे तिन्ही भरले की वाचलात, अपयशाचे तिन्ही भरले की..." त्याने माझा कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. "दाजी, हे काय?"

वकील उठून उभीच राहिली. "यशाचेही तीन भरलेत! म्हणजे जिवंत आहेत!"

"आधी कुठले भरले?" मेहुण्याने विचारलं.

एक खोटं बोललो असतो तर वाचलो असतो. पण तपासणीच्या बाबतीत खोटं माझ्या तोंडून निघत नाही. "अपयशाचे," मी म्हणालो. "ते पटापट आठवले."

"मग मेलात. खेळ सुरू झाल्यावर मागचं बदलता येत नाही. आणि दाजी, मेलेल्याने बोलायचं नाही."

वर्षभर वाट बघून टेबलावर जागा मिळाली, आणि पहिल्याच खड्ड्यात मी कारभार आटोपला. इतका राग आला स्वतःचा.

दोघी दोराने खाली उतरल्या. "बूट बरे आहेत यांचे," वकील म्हणाली. "बूट घेऊ, दोर घेऊ, यांना राहू दे इथेच." मी तोंड उघडलं. मेहुण्याने बोट वर केलं. मी तोंड मिटलं.

मुलीने माझा कागद स्वतःकडे ओढला. वजनाच्या जागी मी माझंच वजन लिहिलं होतं, ब्याण्णव किलो, वर चिलखत वेगळं. मग तिने स्वतःच्या कागदावरचा 'ओझं' हा रकाना शोधला, कारण कुणाला किती उचलता येतं तेही या खेळात ठरलेलं असतं. ओठ हलवत बेरीज केली. आणि खोडरबर घेतलं. आपल्या सामानातला तंबू खोडला. भांडी खोडली. तेलाशिवाय जळणारा दिवा खोडला. धनुष्य खोडायला लागली तेव्हा वकील किंचाळली.

"अगं, धनुष्य? किती रविवार घालवलेस त्याच्यासाठी! मेलेला माणूस वर नेऊन करणार काय?"

"घरी नेणार."

"उपयोग काय पण?"

"उपयोग कशाला हवा? आमचे आहेत ते."

"एवढं ओझं घेऊन तुला पळता येणार नाही," मेहुणा म्हणाला. "वर राक्षस आहेत."

"नाही तर नाही," ती म्हणाली आणि उरलेलं धनुष्य खोडलं.

मला रडू आलं. मेलेल्याने रडायचं की नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी चष्मा काढून पुसत बसलो.

तेवढ्यात बायको चहाचे कप घेऊन आली. "काय हो, जमतोय का खेळ?"

मेहुण्याचं बोट पुन्हा वर गेलं. मुलगी खोडरबराचा चुरा फुंकत होती. तिने मानही वर केली नाही.

"आई, ते मेलेत. त्यांचा चहा इकडे दे, मी घेऊन चाललेय त्यांना."