इंजिनाखालचा पुठ्ठा

जावयाने म्हाताऱ्या गाडीत सिंथेटिक तेल घातलं आणि त्या दिवसापासून सासऱ्याने त्याला माणसात धरणं सोडलं. आधी फार धरत होता अशातलाही भाग नाही. विमे विकणारा प्राणी! टायर पंक्चर झाला की आधी फोन काढणारा. आणि हा त्याला, उभा जन्म टॅक्सी चालवलेल्याला, तेल शिकवणार?

"अहो जावईबापू, या इंजिनाची सीलं झिजलीत. आतल्या काजळीने तेल थोपवून धरलंय. तुमचं हे पाणी ती धुऊन काढणार आणि भळाभळा गळणार!"

"बाबा, गाडी वर घेऊन सीलं तपासली मेकॅनिकने. मगच घातलंय."

"मेकॅनिक! कालचं पोर ते."

खरं दुखणं वेगळंच होतं. गाडी लेकीकडे जायची होती. फाटकाचा खांब पुन्हा घासला तेव्हा लेकीने ठणकावलं होतं, "बाबा, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही." दोष खांबाचा होता, चष्मेवाल्याचा होता, त्याच्या डोळ्यांचा मुळीच नव्हता. त्याने थयथयाट केला, तेव्हा कुठे ठरलं: आठवडाभर इंजिनाखाली पुठ्ठा ठेवायचा. तेल गळलं तर गाडी इथेच, किल्ली बाबांकडे.

रोज सकाळी तो पुठ्ठा अगदी नाकाला लावून बघे. कोरडा ठणठणीत. शेवटच्या सकाळी त्याने जुन्या तेलाचा डबा शोधला, पुठ्ठ्यावर थेंब सोडले आणि पुठ्ठा गाडीखाली सरकवला. लाज वाटली. जावयाचा चेहरा आठवला आणि ती पळाली.

लेक-जावई आले तेव्हा गॅरेजचं दार सताड उघडं होतं, ऊन आत आलं होतं.

"बघा इंजिनाखाली! काय म्हणालो होतो मी?" त्याने गाडीवर थाप मारली. "निघाले मोठे तेल बदलायला!"

कोणी बोलेना. हरलेल्यांची दातखीळ बसतेच, असं त्याला वाटलं. मग जावई खाली वाकून बघून म्हणाला, "हो बाबा, गळतंय खरं. चुकलंच माझं."

आजाऱ्याच्या उशाशी काढतात तसा तो आवाज होता. आणि लेक चक्क मुसमुसत होती.

"तुला रडायला काय झालं?" म्हणत त्याने बॉनेट थोपटलं. बोटांना किल्लीचं भोक लागलं. बॉनेटला किल्लीचं भोक नसतं. तो डिकी थोपटत होता. पुठ्ठाही डिकीखालीच होता, इंजिन पलीकडच्या टोकाला.

"काल पेट्रोल भरून आणली," लेक हळूच म्हणाली, "तेव्हा मी रिव्हर्स घेत आत लावली होती."

त्याच्या कानशिलांना आग लागली. ज्याला तो आठवडाभर तुच्छ लेखत होता, त्या माणसाने त्याची लबाडी ओळखली होती, डोळेही ओळखले होते, आणि दोन्हींवर पांघरूण घालायला स्वतः मूर्ख ठरून घेतलं होतं. असला अपमान त्याचा कुणी केला नव्हता.

त्याने खिशातून किल्ली काढून पुढे धरली.

"घ्या," तो खेकसला. "आणि आता पुन्हा तेल बदलू नका. हेच घालत जा."