माशाचं तोंड मिटेना

आमच्या दुकानात मला सगळे मास्तर म्हणतात. शिवणकामात कटिंग करणाऱ्याला मास्तरच म्हणतात, मग तो बाप्या असो की बाई, आणि ते टेबल चाळीस वर्षं माझं आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. पण माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा उतरलाय ते मी टेप न लावता सांगते. मशीनवर पाच बायका बसतात. गिऱ्हाइकांशी गोड बोलायला माझी लेक आहे. ते गोड बोलणं तिने बापाकडून घेतलं, माझ्याकडे नव्हतंच द्यायला.

दोन वर्षांपूर्वी बोटांच्या पेरांवर सूज यायला लागली. सकाळी उठलं की हात नुसता लाकडाचा. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या. मी गोळ्या गिळल्या आणि कापत राहिले. मग एका वकिलाच्या कोटाची पाठ कापताना कात्री सरकली, चांगली बोटभर. काळं उंची कापड, आणि ठाणात दुसरं शिल्लक नाही. लेकीने वकिलाची समजूत कशी घातली ते तिचं तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर माझी कात्री तिच्या हातात होती आणि ती माझ्या टेबलापाशी उभी होती.

"हात सुधारल्याचा कागद आण, आई," ती म्हणाली. "टेबल तुझंच आहे. पण कागद आल्याशिवाय नाही."

माझ्याच हाताखाली शिकलेली पोर मला कागद मागत होती. तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं कशाला बोलू, तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि इतक्या हळू आवाजात केलं नसतं.

कागद मिळणार होता हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यात. तिथली थेरपिस्ट म्हणजे जेमतेम पंचविशीची पोरगी. मला वाटलं, चेंडू दाबायला देईल, गरम पाण्यात हात बुडवायला लावेल. तिने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि वायर जोडलेला एक रबरी दांडा हातात दिला. पडद्यावर मासा. मूठ आवळली की मासा तोंड मिटतो, बोटं पसरली की तोंड उघडतो. समोरून बारके मासे पोहत येतात, ते गिळायचे. मी म्हटलं, बाई गं, मी हात दाखवायला आलेय, पोरखेळ करायला नाही.

ती काही चिडली नाही. म्हणाली, नुसती बोटं मिटा-उघडा म्हटलं तर लोक दहा वेळा करतात आणि कंटाळतात. माशाच्या नादात दोनशे वेळा करतात आणि वर विचारतात, अजून एकदा खेळू का? सूज याने जाणार नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या. पण बोटं मोकळी होतील, हातात जोर राहील. पडद्याच्या कडेला एक हिरवी रेघ होती. सहा आठवड्यांत माझे गुण त्या रेघेवर गेले तर ती कागद देणार होती.

शेजारच्या खुर्चीत एक घड्याळजी बसायचा. जन्मभर बारीक चाकं बसवून त्याचीही बोटं आखडलेली. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या पडद्याकडे मान वळवली.

"बाई, तुमचा मासा उपाशी मरणार."

"तुमचा खाऊन खाऊन मरेल," मी म्हटलं. "धन्याच्या पोटाकडे बघून शिकलाय."

तिथून आमचं जमलं.

आठवड्यातून तीन दिवस मी जात होते. घरी तिने शिकवलेले व्यायाम वेगळे. चौथ्या आठवड्यात बरणीचं झाकण माझं मी फिरवलं, ब्लाउजची बटणं कुणाला हाक न मारता लावली. पण गुण? गुण जागचे हलेनात. बारका मासा अगदी जबड्यात यायचा आणि फटीतून सुळकन निघून जायचा. माझ्या माशाचं तोंड पुरतं मिटतच नव्हतं. थेरपिस्ट म्हणायची, पूर्ण मिटा आजी. मी म्हणायची, मिटलीय की. घड्याळजी रेघेच्या पार पुढे गेला होता आणि तोंडावर दया आणून माझ्याकडे बघत होता. त्याचं हसणं परवडलं असतं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी थेरपिस्टने लेकीसाठी चिठ्ठी दिली. तेवढं मला वाचता येतं. 'बोटे शेवटपर्यंत मिटत नाहीत.' लेकीने वाचली, घडी घातली, आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की बाहेरच्या एका मास्तरशी बोलणं चाललंय, पुढच्या महिन्यापासून तो येईल. मशिनी एकदम थांबल्या. मी बायकांना म्हटलं, काय, दोरे तुटले का सगळ्यांचे एका वेळी? मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

मी मात्र स्टुलावर बसून राहिले. लेक पँटचं कापड कापत होती. तिच्या हाताकडे बघण्यावाचून मला दुसरं काम नव्हतं. आमच्यात कात्री टोकापर्यंत मिटत नाहीत. दोन बोटं अलीकडे थांबायचं, उघडायची, पुढे सरकवायची. टोक मिटलं की कापडाला दात पडतो, कड करवतीसारखी होते. लेक शिकत होती तेव्हा प्रत्येक दाताला मी तिच्या मनगटावर पट्टी मारलीय. आता ती बरोबर दोन बोटं अलीकडे थांबत होती. कापडाची कड पाण्यासारखी सरळ.

मी माझा हात वर केला आणि मूठ आवळली. मूठही दोन बोटं अलीकडेच थांबली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या गेल्या मी थेरपिस्टला म्हटलं, मी चाळीस वर्षं कात्रीवर मूठ पुरी मिटलेली नाही, मिटू दिली नाही. तिला कळेना. मग मी तिच्या टेबलावरची कात्री घेतली आणि जुन्या वर्तमानपत्रावर कापून दाखवलं. तिने माझा हात हातात घेतला, एकेक बोट हळू दाबून तळव्याला टेकवलं. दुखलं, पण टेकली. तिने ती पुन्हा एकदा टेकवून बघितली. मग म्हणाली, "आजी, बोटं मिटतात. थांबवताय तुम्ही."

घड्याळजी हसेल म्हणून मी तयारच होते. तो खाकरला आणि म्हणाला, मीही पहिले चार दिवस दांडा चिमट्याने स्प्रिंग उचलावी तसा धरत होतो, लाजेने कुणाला बोललो नाही.

राहिले दोन आठवडे. चाळीस वर्षांची सवय, सांगून जाते का? मनात कात्री आली की हात अडायचा. मग मी ठरवलं, आपण कापतच नाही, आपण ओली चादर पिळतोय. चादर पिळताना कोण अर्ध्यावर थांबतं? शेवटचं बोटभर अंतर पार करताना पेरांतून कळ यायची. थेरपिस्टने सांगितलं होतं, कळ वाढली तर थांबायचं, तर थांबायची, दम घ्यायची, पुन्हा पिळायची. मासा खायला लागला. आधी चाळीस, मग सत्तर.

शेवटच्या दिवशी लेक माझ्याबरोबर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मासा रेघेला लागला, रेघ ओलांडून गेला, आणि घड्याळजीच्या गुणांवर अकरा मासे चढले. त्याने उठून माझी खुर्ची मागे ओढली, एखाद्या राणीची ओढावी तशी. चाळीस वर्षांत मला असा मान कुठल्या वकिलाने दिला नाही.

कागदावर थेरपिस्टने लिहिलं की कात्री चालवायला हरकत नाही. एका वेळी वीस मिनिटं, मग विश्रांती, आणि जाड कापड नको. लेकीने तो तिथेच दोनदा वाचला. रस्त्यात म्हणाली, त्या बाहेरच्या मास्तरला नको म्हणून कळवते. मी म्हटलं, गोड शब्दांत कळव, तुला येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने टेबल पुसून ठेवलं होतं आणि त्यावर नर्सच्या गणवेशाचं पांढरं कापड पसरलं होतं. मी खडूने आखलं. मशिनी आपोआप थांबल्या आणि या खेपेला मी कुणाला बोलले नाही, बघू दिलं. पाठ कापली, दोन्ही पुढचे भाग कापले. कात्री रेघेवरून ढळली नाही. एक बाही झाली आणि पेरं बोलायला लागली. घड्याळ बघितलं तर अठरा मिनिटं.

मी कात्री खाली ठेवली. माझी मी ठेवली, कुणी सांगितलं म्हणून नाही. लेकीला म्हटलं, ये, दुसरी बाही तू काप, मी चहा पिऊन येते. आणि टेबल दुसऱ्या कामाने अडवू नकोस, दहा मिनिटांत मला जागा लागेल.